लॅटिन घरात, शिकवणी बाजारात

गेल्या मे महिन्यात ओळखीच्या एका घरी गेलो होतो. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा ओटीवर बसून, पुढेमागे डोलत, काही कागद पाठ करीत होता. क्रेड म्हणजे विश्वास, मिट म्हणजे पाठविणे, पॅन म्हणजे भाकरी, मॉर्ट म्हणजे मरण. इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याच्या सुट्टीतल्या एका शिकवणीने दिलेली ही यादी होती. दोनशे लॅटिन मुळे पाठ केली की दोन हजार इंग्रजी शब्द आपोआप कळू लागतात, असे वडिलांना सांगण्यात आले होते. आणि त्यासाठी जी फी घेतली होती तीत त्या घराचा कित्येक महिन्यांचा तांदूळ आला असता. आतल्या खोलीत पलंगावर आजी जपमाळ घेऊन बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. मुलीच्या वयात ती चर्चच्या गायनवृंदात होती. ‘क्रेड’ हा शब्द कानी पडताच ती थबकली, “क्रेदो?” असे स्वतःशीच म्हणाली, आणि विश्वासांगीकाराची लॅटिन प्रार्थना जुन्या चालीवर शेवटपर्यंत म्हणून गेली. नातवाने क्षणभर कान दिला, हसला आणि पुन्हा आपल्या यादीकडे वळला.

“आजी, याचा अर्थ काय हो?” मी विचारले.

“ते कोणाला ठाऊक, बाबा! फादर शिकवायचे तसं आम्ही म्हणायचो.”

त्या दिवसापासून हा प्रसंग मनातून जात नाही. आजीपाशी शब्द होते, अर्थ नव्हता. नातवापाशी अर्थ होता, शब्द नव्हता. आणि एका छपराखाली राहणाऱ्या या दोघांना एकमेकांकडे असलेल्या ठेव्याची वार्ताच नव्हती. ज्या समाजाने चारशेहून अधिक वर्षे लॅटिन ऐकली, म्हटली, गायिली, त्या समाजातील पालकांनी तीच लॅटिन बाजारातून झेरॉक्स कागदांवर विकत आणावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. हे जरा कठोर वाटेल. पण मला ते असेच म्हणावयाचे आहे.

प्रथम शिकवणीवाल्यांना त्यांचे श्रेय देऊन टाकू. मुळांवरून शब्द शिकण्याची पद्धत खोटी नाही. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक १९४९ साली निघाले आणि आजही आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्यांपाशी हमखास मिळते; त्याचा सारा डोलारा लॅटिन आणि ग्रीक मुळांवरच उभा आहे. इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द थेट लॅटिनमधून वा फ्रेंचच्या वाटेने आलेले आहेत. ५९७ साली पोप ग्रेगरींनी पाठविलेले संत ऑगस्टिन आपल्या सोबत्यांसह केंटच्या किनाऱ्यावर उतरले, त्या धर्मप्रसाराबरोबर ‘मास’, ‘कँडल’ यांसारखे शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि कचेरी, न्यायालय, राजवाडा येथील भाषा फ्रेंच झाली. पुढे विद्वानांनी तर लॅटिनमधून शब्द पोत्याने आणले. त्यांचा उत्साह इतका की, उच्चारात नसलेली अक्षरेही त्यांनी शब्दांत कोंबली. ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दात न उच्चारला जाणारा एक ‘बी’ असतो. पूर्वी तो नव्हता. लॅटिन ‘देबितुम’शी नाते दिसावे म्हणून तो मागाहून घातला गेला. आपली मुले हा मुका ‘बी’ घोकून घोकून पाठ करतात, आणि त्यांच्या आज्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘देबिता’ असे स्पष्ट ‘ब’ उच्चारून म्हणत आल्या. इतके सांगितले तरी त्या मुलाला ते स्पेलिंग जन्मभर चुकणार नाही.

तेव्हा पद्धत खरी. विकली जाते ती मात्र नुसती हाडे. ‘पॅन म्हणजे भाकरी’ हे पाठ करून काय हाती येते? पण प्रभूच्या प्रार्थनेतील ‘पानेम’ घ्या. त्याच शब्दापासून पोर्तुगीज भाषेत ‘पांव’ झाला आणि पोर्तुगिजांकडून तो आपल्याकडे ‘पाव’ म्हणून आला. इंग्रजीत त्याचे ‘कम्पॅनियन’ झाले: ज्याच्यासह आपण भाकरी खातो तो. ‘कंपनी’ तीच. प्रभुभोजनाला बसणाऱ्या समाजाला या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागू नये. ‘नमो मरिया’ प्रार्थनेच्या लॅटिन पाठातील ‘ग्रात्सिया’ पासून ‘ग्रेस’ आणि ‘ग्रॅटिट्यूड’, ‘फ्रुक्तुस’ पासून ‘फ्रूट’, ‘मोर्तिस’ पासून ‘मॉर्टल’, ‘मॉर्च्युअरी’, इतकेच काय, घर गहाण टाकताना भेटणारे ‘मॉर्गेज’सुद्धा. त्यातील ‘प्लेना’ आणि आपले ‘पूर्ण’ ही तर सख्खी भावंडे. ‘क्रेदो’ आणि संस्कृत ‘श्रद्धा’ हेही एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत, आणि ‘क्रेडिट’, ‘इन्क्रेडिबल’ ही त्यांची दूरची नातवंडे.

‘मिस्सा’ या शब्दापाशी तर मला नेहमीच थांबावेसे वाटते. लॅटिन ‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे. उपासनेच्या अखेरीस लोकांना पाठवणी देताना हा शब्द उच्चारला जाई, आणि त्यावरून साऱ्या उपासनेलाच मिस्सा हे नाव पडले. त्याच धातूपासून ‘मिशन’, ‘अ‍ॅडमिशन’, ‘परमिट’, ‘प्रॉमिस’, ‘डिसमिस’, ‘मेसेज’. आता मराठीतील ‘निरोप’ हा शब्द पाहा. निरोप म्हणजे पाठवणी आणि निरोप म्हणजे संदेशही. इंग्रजीने एका मुळापासून दोन शब्द केले. मराठीने एकाच शब्दात दोन्ही अर्थ ठेवले. आपल्या समाजातील एका जुन्या मासिकाचे नाव ‘निरोप्या’ आहे, ते ज्यांनी ठेवले त्यांच्या मनात हे होते की नाही कोण जाणे; पण ते नाव फार नेमके आहे.

प्रार्थना बाजूला ठेवली तरी घर लॅटिनने भरलेले आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली त्यांच्या हातून गेली. राज्य गेले, शब्द राहिले. ‘नाताळ’ म्हणजे लॅटिन ‘नातालिस’, जन्माचा. ‘नेटिव्ह’, ‘नेशन’, ‘नेचर’ हे त्याचेच गणगोत. वास्को द गामाचे जहाज १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून गेले, त्याचेही नाव नाताळच पडले. ‘चावी’ हा पोर्तुगीज ‘शाव्ह’, लॅटिन ‘क्लाविस’. ७ आणि ८ मे २०२५ रोजी कार्डिनलांच्या सभेने पोप लिओ चौदावे यांची निवड केली तेव्हा दूरदर्शन संचांसमोर बसून आपण सर्वांनी ‘कॉन्क्लेव्ह’ हा शब्द शंभरदा ऐकला. त्याचा अर्थ चावीने बंद केलेली खोली. गळ्याखालच्या हाडाला डॉक्टर ‘क्लॅव्हिकल’ म्हणतात; ती छोटी चावी. आणि ‘पगार’? लॅटिन ‘पाक्स’ म्हणजे शांती. तीवरून ‘पाकारे’, शांत करणे, देणेकऱ्याने सावकाराला शांत करणे. तीवरून पोर्तुगीज ‘पागार’ आणि आपला पगार. इंग्रजी ‘पे’ आणि ‘पीस’ दोन्ही याच घरचे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पगार आणि शांती यांचे नाते समजावून सांगण्यास भाषाशास्त्रज्ञाची गरज पडत नाही.

हे सर्व कोणत्याही यादीत नाही, कारण याद्या करणाऱ्याला आपले घर ठाऊक नाही. त्याने का ठेवावे? ते आपण ठेवायला हवे होते.

परंतु माझा खरा आक्षेप याहून पुढचा आहे, आणि तो शिकवणीवर नसून आपणा पालकांवर आहे. वर ‘आक्षेप’ हा शब्द मी मुद्दाम योजिला. इंग्रजी ‘जेक्ट’ या मुळाचा अर्थ फेकणे. ‘प्रोजेक्ट’, ‘इंजेक्ट’, ‘रिजेक्ट’, ‘ऑब्जेक्ट’ असे शब्द उपसर्ग बदलून होतात. संस्कृत ‘क्षिप्’ म्हणजेही फेकणे. प्रक्षेपण, अंतःक्षेपण, आक्षेप, हस्तक्षेप, संक्षेप. ‘प्रोजेक्टर’ला मराठीत प्रक्षेपक म्हणतात आणि ‘ऑब्जेक्शन’ला आक्षेप, दोन्ही ठिकाणी काहीतरी फेकलेलेच आहे. ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे, आणि आपल्या वाडीतला ‘ट्रॅक्टर’ म्हणजे ओढणारा. ‘अ‍ॅट्रॅक्शन’ म्हणजे स्वतःकडे ओढणे. मराठीत आकर्षण, त्यातही ‘कृष्’ म्हणजे ओढणेच. उत्कर्ष, अपकर्ष, निष्कर्ष ही त्याचीच मंडळी. मराठी माध्यमात ज्याने गुरुत्वाकर्षणाचा धडा वाचला त्याला ‘ग्रॅव्हिटी’ कठीण का वाटावी? ‘गुरू’ आणि लॅटिन ‘ग्राविस’ यांचे मूळ एकच, जड, भारदस्त. आपण धर्मगुरू म्हणतो त्यातला गुरू तोच.

सांगावयाचे ते असे की, मूळ आणि उपसर्ग यांनी शब्द बनविण्याचे यंत्र मराठी मुलाच्या घरी आयतेच आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार ही साखळी ज्याने सातवी-आठवीत एकदा ऐकली, त्याला लॅटिनचे यंत्र अर्ध्या तासात कळते. ज्याने ती ऐकलीच नाही त्याला दोनशे मुळे म्हणजे दोनशे निरर्थक आवाज. आणि आज आपण काय करीत आहोत? इंग्रजी चांगले यावे म्हणून बालवाडीपासून मुलाची मराठी तोडतो. घरात “वॉटर पी, बेटा” असे बोलतो. मग दहावीनंतर इंग्रजी कच्चेच आहे असे दिसून येते, तेव्हा मुळांच्या यादीसाठी पैसे मोजतो. ज्या शिडीवरून चढावयाचे ती मोडून सरपणात घातली आणि वर जाण्यासाठी दोरखंड विकत आणला, असा हा व्यवहार आहे. इंग्रजी माध्यम घेऊ नका असे मी म्हणत नाही. ज्याच्या त्याच्या घरचा तो प्रश्न आहे. पण मराठी सोडल्याने इंग्रजी जवळ येते हा समज सपशेल खोटा आहे, आणि तो आपल्या धर्मग्रामांत भल्याभल्यांनी पोसला आहे.

या बाबतीत आपल्यापुढे एक पूर्वज आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, शिक्षणाने लॅटिनमध्ये मुरलेले, १५७९ साली गोव्यास आले. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदविले की, इकडील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्यासारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे कलकत्त्यास जाहीर केले ते १७८६ साली. म्हणजे दोनशे वर्षांनंतर. आणि एवढे ओळखणाऱ्या या इंग्रजाने केले काय? आपल्या लॅटिनच्या बळावर तो मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले; ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, लोकांच्या ओठी असलेला शब्द उचलला. लॅटिनकडून मराठीकडे जाणारी वाट त्यांनी इतकी रुंद करून ठेवली. तीच वाट उलट दिशेने, मराठीकडून लॅटिनकडे आणि तेथून इंग्रजीकडे चालणे आपल्या मुलांना जड जाण्याचे कारण नाही. वाट दाखविणारा हवा. आम्ही दरवर्षी स्टीफन्स यांच्या नावाचा गौरव करतो आणि घरी मुलांशी मोडके इंग्रजी बोलतो.

मुळांच्या नादात फसगतही होते, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पादचारी. तेथे लॅटिन पाय आहे, आपल्या ‘पाद’चा भाऊ. पण ‘पीडिअ‍ॅट्रिशियन’ हा पायाचा डॉक्टर नव्हे. तेथे ग्रीक बाळ आहे. ‘लिबर्टी’ आणि ‘लायब्ररी’ सारखे दिसतात. एकाचे मूळ मुक्त, दुसऱ्याचे पुस्तक. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमध्ये अडाणी या अर्थाचा होता; आज त्या अर्थाने कोणाला नाइस म्हणून पाहा. आपल्या उपासनेतलेही सर्वच लॅटिन नाही: ‘किरिये’ ग्रीक, ‘युकरिस्ट’ ग्रीक, ‘कॅथलिक’ ग्रीक, ‘आमेन’ आणि ‘आलेलुया’ हिब्रू. आणि व्यासपीठावरून अनेकदा ऐकलेली ती गोष्ट, की ‘सिन्सिअर’ म्हणजे ‘मेणाविना’, लबाड शिल्पकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवीत असत वगैरे. प्रवचनाला ती छान आहे, परंतु तिला आधार नाही. लॅटिन ‘सिन्चेरुस’ म्हणजे स्वच्छ, निर्भेळ. मेणाचा संबंध मागाहून कोणीतरी जोडला. प्रामाणिकपणावरील प्रवचनात निदान एवढी काळजी घेतली जावी, अशी नम्र सूचना. यादी पाठ करणाऱ्याला या खाचखळग्यांचा पत्ता लागत नाही. तो वाचनाने आणि कोश उघडण्याने लागतो, आणि कोश उघडण्याची सवय कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही.

येथे काही मंडळी मान डोलावतील आणि म्हणतील, “आम्ही हेच सांगत होतो, लॅटिन मिस्सा परत आणा.” त्यांनी मला आपल्या पंक्तीत बसवू नये. मराठीतील उपासना हे आपल्या पिढ्यांना लाभलेले मोठे दान आहे. तिच्यावाचून आपण त्या आजीसारखेच, “फादर शिकवायचे तसं” म्हणत राहिलो असतो. पन्नास वर्षे तोंडात असलेल्या शब्दाचा अर्थ तिला एकाही माणसाने एकदाही सांगितला नाही, हा जुन्या व्यवस्थेवरचा पुरेसा आरोप आहे. पण नव्या व्यवस्थेनेही अर्धेच वाचले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरील दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. लोकभाषेला वाट देणारा तो दस्तऐवज, लॅटिनचा वापर लॅटिन विधींत जतन करावा असेही सांगतो; आणि मिस्सेतील आपल्या वाट्याचे भाग श्रद्धावंतांना लॅटिनमध्येही एकत्र म्हणता वा गाता यावेत याची तजवीज करावी, असेही सांगतो. पहिली आज्ञा आपण उत्साहाने पाळली. दुसरी कोणी वाचलीच नाही. जुन्या गायनपुस्तिका कपाटांत गेल्या, कपाटांतून माळ्यावर, आणि माळ्यावरून वाळवीच्या पोटात.

ज्यांना ती गाणी तोंडपाठ होती ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. दर वर्षी त्यांतील काहींच्या अंत्ययात्रेला आपण जातो, आणि त्यांच्याबरोबर काय पुरले जाते याचा हिशेब ठेवत नाही. मृतांसाठी गायिले जाणारे ‘रेक्विएम’ त्यांनी आपल्या वडिलांसाठी गायिले. त्यांच्यासाठी ते गाऊ शकेल असे त्यांच्या घरात कोणी उरलेले नाही. रेक्विएम म्हणजे विसावा. ‘क्वाएट’ हा त्याच कुळातला.

मग करावे काय? फार काही नाही. शिकवणीला पर्याय म्हणून दुसरी शिकवणी काढण्याची हौस मला नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा मिनिटे, एका वेळी एक शब्द, आणि वर्गात त्या दिवशी एक आजी किंवा एक आजोबा. त्यांनी जुनी प्रार्थना म्हणावी, शिक्षकाने एका शब्दापाशी थांबावे, मुलांनी त्याचे इंग्रजी आणि मराठी गोत शोधून आणावे. परीक्षा नको, प्रमाणपत्र नको, आणि कृपा करून स्पर्धा व चषक तर नकोतच.

सुरुवात आगमनकाळापासून करता येईल, कारण शब्द त्याच नावात आहे. ‘अ‍ॅडव्हेंट’मध्ये ‘आद’ म्हणजे कडे आणि ‘वेनिरे’ म्हणजे येणे. ‘आगमन’मध्ये आ आणि गम्. ‘वेनिरे’ आणि ‘गम्’ यांचा धातू मुळात एकच, आणि इंग्रजी ‘कम’ त्यांचा तिसरा भाऊ. पहिल्या रविवारी एवढेच सांगावे. दुसऱ्या रविवारी ‘कन्व्हेन्शन’ आणि संगम. तिसऱ्या रविवारी ‘प्रिव्हेंट’, ‘इन्व्हेंट’, ‘इव्हेंट’ यांत कोण कोठून येतो ते मुलांनाच शोधू द्यावे. चौथ्या रविवारी नाताळ.

त्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा मुलगा अकरावीला लागला होता. यादी कोठे गेली ते त्याला आठवत नव्हते. आजीची जपमाळ चालूच होती. तिला मी ‘देबिता’चा अर्थ सांगितला. तिने तो शब्द दोन-तीनदा पुटपुटला आणि मग विचारले, “आणि तेंतात्सियोनेम?”